साहेबांची सीट

"अगं, त्या बाजूने नाही!"

नवरा ओरडला तसा तिने मागच्या डाव्या दारावरचा हात काढला आणि पाण्याचा कॅन उचलून, दुखऱ्या गुडघ्यांनी गाडीला वळसा घातला. एकोणीस वर्षं ती हा वळसा घालत होती.

"विंचू बसलाय का तिकडे?"

"साहेबांची सीट आहे ती. आज तरी तोंड आवर."

गाडी मूळची कंपनीची. मोठे साहेब मागे बसायचे आणि हा चालवायचा, बारा वर्षं. कंपनीने नवी गाडी घेतली तेव्हा ही जुनी यानेच मागून घेतली. घराला खोल्या दोन आणि दारात ही लांबलचक काळी गाडी, नाकापेक्षा मोती जड! गल्लीतल्या बायका आधी जळल्या, मग हसल्या, मग विसरूनही गेल्या. अर्ध्या तासात इंजिन तापायचं, म्हणून बरोबर कॅन आणि कॅन धरायला बायको. मेकॅनिक म्हणायचा, "काकू, ही तुमची सवत." ती म्हणायची, "सवत निदान धुणं तरी वाळत घालते रे."

छताचं कापड लोंबायला लागलं तेव्हा तिनेच ते सुईदोऱ्याने टाचलं होतं. मागची डावी सीट मात्र प्लॅस्टिकखाली कोरी करकरीत. सासूला दवाखान्यात नेतानाही म्हातारीला उजवीकडेच कोंबलं. समोरचा आरसा त्या रिकाम्या सीटवर रोखलेला, साहेबांनी मान हलवली की कळावं म्हणून. उजवीकडे बसलेली बायको त्यात कधी दिसलीच नाही.

तिची हौस ती केवढी? नवऱ्याच्या शेजारी बसून कुठेतरी जावं. गाडी दारात आली त्या दिवशी ती पुढचं दार उघडून ऐटीत बसलीही होती. याने उठवलं. "पुढे सामान ठेवतात. माणसं मागे बसतात." तिला वाटलं, मान देतोय. मग गाडीत हा तिच्याशी बोलेनासा झाला. ड्रायव्हरने गाडी चालवताना बोलायचं नसतं म्हणे. दोन-तीन वर्षांनी तिला कळलं, मान दुसऱ्याच कुणाला चाललाय.

आज साहेबांना दवाखान्यातून घरी सोडणार होते. मुलं दूर, घरी एक नर्स ठेवलेली. आणायला कुणी नाही, म्हणून फोन याला आला. स्वतःच्या मुलीच्या लग्नात दाढीचे खुंट घेऊन मिरवलेला माणूस आज सकाळपासून दोनदा दाढी करून तयार.

दवाखान्याच्या दारात साहेब काठी टेकत आले. वाळून नुसती काटकी झालेले. नवऱ्याने सीटवरचं प्लॅस्टिक टरकन ओढलं, डावं दार उघडलं आणि वाकून उभा राहिला.

"या साहेब. तुमची जागा."

साहेबांनी आत डोकावलं. "मागे? नको रे बाबा. मागे मळमळतं मला."

"पण साहेब, बारा वर्षं तुम्ही तिथेच..."

"कंपनीचा नियम होता, काय करणार? त्यात तू तोंड उघडायचा नाहीस. मग मी पेपर वाचायचो, आणि वाचलं की पोटात ढवळायचं. ऑफिसात पोचलो की आधी लिंबू चोखत बसायचो." ते हसले आणि पुढचं दार उघडून बसले.

नवरा प्लॅस्टिकचा बोळा हातात धरून तसाच उभा. तिला वाटलं, आता तरी याच्या डोक्यात उजेड पडेल.

गाडी निघाली. साहेबांनी मान वळवली. "वहिनी ना? अरे, मी त्यांची जागा अडवली की. त्यांना मागे कशाला बसवलंस?"

"छे हो साहेब. तिला मागेच आवडतं."

अख्खी गल्ली जिच्या तोंडाला वचकून असायची, तिने कॅनचं झाकण काढलं, पुन्हा घट्ट लावलं.

पुढे दोघांच्या गप्पा रंगल्या. रस्ते, जुने शिपाई, कुणाची कशी फजिती झाली. नवरा खदखदून हसत होता. हसताना त्याच्या पडलेल्या दाताच्या फटीतून शिट्टी वाजते, हे तिला आज कळलं. मध्येच इंजिन तापलं. ती उतरली, पाणी ओतलं, हात भाजून घेतला.

"वहिनी तयारीच्या आहेत हं," साहेब म्हणाले.

"सवय आहे तिला."

घरी पोचल्यावर साहेबांनी बॉनेटवर थाप मारली. "चांगली सांभाळलीस. माझ्याकडे असती तर मी केव्हाच भंगारात घातली असती."

नर्सच्या आधाराने ते आत गेले. दार लागलं. नवरा गाडीकडे वळला. मग त्याने पुढचं डावं दार उघडलं.

"ये. पुढे बस."

तिने कॅन मांडीवर ओढला.

"ये ना गं. आता काय, मोकळीच आहे."

"मला मागेच आवडतं," ती म्हणाली.

"अगं, ते मी आपलं साहेबांसमोर..."

"चला. पाणी संपत आलंय."

तो येऊन स्टिअरिंगवर बसला. समोरच्या आरशात उघडी पडलेली सीट, तिच्यावर कुणी नाही. आरसा तिच्याकडे वळवायला त्याने हात घातला. एकोणीस वर्षं जागचा न हललेला आरसा आधी हलेना, मग कटकन मोडून हातातच आला. त्याने तो शेजारच्या सीटवर उताणा ठेवला. त्यात टाचलेलं छत दिसत होतं.

प्रत्येक वळणावर आरसा घसरायचा. घरापर्यंत तो एका हाताने आरसा सावरत होता, आणि ती दोन्ही हातांनी कॅन.