तोलून दिलेली भाकर

अकोल्याच्या कापूसबाजारात देवमन मापाऱ्याची नजर म्हणजे काटाच. गाडी नाक्यावर असतानाच हा पठ्ठ्या सांगायचा, "सात मण कापूस, अर्धा मण पाणी!" एकदा म्हणे त्यानं उडता कावळा नजरेनंच तोलला आणि चोचीतल्या हाडकाचं वजन वेगळं सांगितलं. कावळ्यानं तक्रार केली नाही, म्हणजे खरंच असणार.

पण घरात सोळा वर्षांची पोरकी भाची मैना अंगानं सुटत चालली, तिथं ही नजर काय कामाची? अमरावतीला नर्सबाईच्या शिक्षणात तिचा नंबर लागला होता. महिन्यानं डॉक्टर तपासणार, वजन जास्त निघालं तर घरी परत. देवमनला उपाय सुचला तो धंद्यातलाच. त्यानं छोटा तराजू आणला आणि मैनेची भाकर रोज तोलून ताटात घालू लागला.

पहिल्याच दिवशी पोरगी तराजू पाहून पांढरीफटक पडली. कणही न सांडता जेवली. पंधरा दिवसांत मात्र आणखीच फुगली. मग देवमनच्या बायकोला, माणिकबाईला, गोधडीच्या घडीत भाकरीचे वाळके तुकडे सापडले.

"चोरून कावून खातं वं मैने?" देवमन कळवळला. "मी काय वैरी हाओ तुहा?"

"माय मेल्यावर काकी बी मोजूनच द्याची, मामा. चिडली का दोन-दोन दिवस काईच नाई. सहा वर्साची होतो मी. आता मोजताना पायलं का पोट म्हन्ते, आजच खाऊन घे, उद्या नाई भेटत."

देवमननं तराजू तडक भंगारात दिला. भाकरीची अख्खी टोपली पोरीपुढं ठेवली. ती खात राहिली. दर घासाला मामाच्या तोंडाकडं पाहत.

तपासणीच्या दिवशी अमरावतीचा डॉक्टर काट्याकडं पाहून म्हणाला, "जीभ आवरता येत नाही का? खाणं तोडा, पुढच्या साली या." बाजारात चार दलालांना गप्प करणाऱ्या देवमननं मान डोलावली. नापासाचा कागद घेतला, नमस्कार केला.

परतताना मूर्तिजापूरला एसटी थांबली. बाहेर गाड्यावर एक जण भजी तळत होता. मैना मान खाली घालून बसलेली.

"भूक लागली का वं?"

"हो."

"खातं?"

"तुमी सांगान तसं."

देवमन उतरला, गरम भज्यांचा पुडा घेऊन आला आणि बसला. तिच्या हाती द्यावा, तरी पाप. न द्यावा, तरी पाप. गाडी सुटली. कागदावर तेल पसरत गेलं, आणि दोघंही पुड्याकडं बघत राहिले.