मोडेमच्या पोटातला दुसरा खटका

माझ्या पोटाला एक आडवी खाच आहे. त्या खाचेत आठ पांढरे खटके एका ओळीत बसवलेले आहेत. एकेक खटका तांदळाच्या दाण्याहून मोठा नाही. बोटाने तो हलत नाही, बोट जाड पडते. त्याला पेन्सिलीचे टोक लागते, नाहीतर खराट्याची काडी. वर आणि खाली, एवढ्या दोनच जागा त्याला ठाऊक. त्या दोन जागांमध्ये ज्वारीच्या दाण्याएवढे अंतर असेल नसेल; पण माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा गोंधळ तेवढ्याच अंतरात झाला.

मित्रांनो, मी एक जुना मोडेम आहे. संगणकाचे बोलणे शिट्ट्यांमध्ये बदलून टेलिफोनच्या तारेवर सोडायचे, आणि पलीकडून आलेल्या शिट्ट्या पुन्हा संगणकाला समजतील अशा करून सांगायच्या, हे माझे काम. दुभाष्या म्हणा हवे तर. सध्या मी परभणीच्या एका हवामान केंद्रातल्या लोखंडी कपाटात, फुटक्या पर्जन्यमापकाच्या शेजारी राहतो. माझे काम आता माझ्याहून लहान आणि चपळ यंत्रे करतात. वर्षातून एखाद्या वेळी कपाट उघडते, उजेड आत येतो, आणि कोणीतरी विचारते, "हे काय आहे?" म्हणूनच म्हटले, आपणच सांगावे.

माझा जन्म बंगळूरच्या एका कारखान्यात झाला. एका बाईंनी माझ्या अंगावर कथलाचे टाके मारले, दुसरीने माझी शिट्टी कान देऊन ऐकली आणि मान डोलावली. मला मिळालेले ते पहिले प्रशस्तिपत्र. मग पेंढ्यात आणि पुठ्ठ्यात गुंडाळून मला परभणीला पाठवले. ते साल एकोणीसशे एक्क्याण्णव.

केंद्रात माझी पेटी फोडली ती पद्मजाबाईंनी. त्या मूळच्या झरीच्या, विज्ञान शिकलेल्या. फार बोलत नसत. पण तापमापकातला पारा वाचताना डोळा अगदी त्याच्या पातळीवर आणत, वरून किंवा खालून कधीच बघत नसत. त्यांनी मला फोनच्या तारेला जोडले आणि मी माझी पहिली शिट्टी वाजवली. तेवढ्यात केंद्राची झाडलोट करणाऱ्या, रोज पिंगळीहून येणाऱ्या धुरपताबाई दारात थबकल्या.

"अगं बया! ताई, ह्येच्या पोटात टिटवी बसली का काय?"

"टिटवी नाही, मावशी. पुण्याशी बोलायलाय तो."

"मग वरडायलाय कशाला? पुणं काय बहिरं हाय?"

पुणे बहिरे नव्हते, पण उतावळे मात्र होते. तिथल्या मोठ्या संगणकात आमच्या केंद्राची टपालपेटी होती. रोज सकाळी झरीचा पाऊस, पिंगळीचा पाऊस, परभणीचे तापमान असे आकडे त्या पेटीत टाकायचे आणि आपल्यासाठी आलेला निरोप उचलायचा. मी येण्याआधी हे सगळे पोस्टातल्या तारेने, म्हणजे टेलिग्रामने जाई आणि कधीकधी पाऊस थांबून ऊन पडल्यावर पोहोचे. पण पेटी उघडायची तर आधी केंद्राचे नाव आणि पासवर्ड द्यावा लागे, तोही मिनिटभरात. उशीर झाला की पुण्याचा संगणक फोन ठेवून देई.

केंद्राचे प्रमुख माधवराव एका बोटाने टाइप करत. त्यांचे बोट पासवर्डाच्या मध्यावर पोहोचेपर्यंत तिकडे फोन ठेवलेला असे.

"काय ओ हे!" ते म्हणत. "नाव सांगेपर्यंतसुद्धा थांबत नाही. मशीन बी अस्सल पुणेरी दिसायलंय!"

म्हणून पद्मजाबाईंनी एक छोटा प्रोग्राम लिहिला. सकाळी तो आपणहून माझ्याकडून पुण्याचा नंबर फिरवून घेई. पलीकडे जोडणी झाली की मी संगणकाला एकच शब्द सांगे, 'कनेक्ट'. तो शब्द मिळाला की प्रोग्राम नाव देई, पासवर्ड देई, आकडे पाठवी, निरोप घेई आणि फोन ठेवी. कोणाला हातही लावावा लागत नसे. माधवराव आलेल्या प्रत्येक पाहुण्याला माझ्यासमोर उभे करत आणि म्हणत, "बघा, आमचं पोस्ट. पोस्टमन न्हाई, काई न्हाई." ते माझे सुखाचे दिवस होते.

दुसऱ्या वर्षीच्या श्रावणात माझ्याच तारेवरून एक निरोप आला. पुण्याच्या केंद्रात वर्षभराचे प्रशिक्षण आहे, परभणीसाठी एक जागा आहे, पद्मजाबाई येणार का, ते दिवाळीपर्यंत कळवावे. नाहीतर जागा दुसऱ्या केंद्राला जाईल.

माधवराव खूश झाले. पद्मजाबाई म्हणाल्या, "बघते, सर."

त्यांना जायचे होते. निरोप त्यांनी पडद्यावर पुन्हा पुन्हा उघडून वाचला, हे मला माहीत आहे. झरीला वडिलांना, अण्णासाहेबांना, त्यांनी विचारले. अण्णासाहेब शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. ते म्हणाले, "तुझं तू ठरव, बाई. आमी आडवे येणार नाही." खरी अडचण तिथेच झाली. घरात कोणी अडवले असते तर त्याच्यावर रागावता आले असते. परक्या गावात एकटीने राहायचे, आपल्याहून हुशार लोकांत बसायचे आणि तिथे आपण कमी पडलो तर? ही भीती सांगायची कोणाला? माधवरावांनी पुन्हा विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "विचार करते, सर." तिसऱ्यांदा विचारले, तेव्हा त्यांना पर्जन्यमापक बघायला बाहेर जायचे होते. आकाश निरभ्र होते.

मग दसरा आला.

आमच्याकडे दसऱ्याला अवजारांची पूजा होते. शेतकरी पांभर, कुळव पूजतो, शिंपी शिवणयंत्र पूजतो. आमच्या केंद्रात तापमापक, वाऱ्याचा वेग मोजणारा भोवरा, संगणक आणि मी असे सगळे टेबलावर ओळीने बसलो. धुरपताबाईंनी माझी वायर काढली आणि मला पुसले. नुसते वरून नाही. सणाच्या दिवशी अंग चोरायचे नाही म्हणून त्यांनी मला उलटे केले आणि पोटाच्या खाचेतली धूळसुद्धा खराट्याच्या काडीने काढली. मला गुदगुल्या झाल्या. पद्मजाबाईंनी कुंकू लावले, झेंडूचे फूल वाहिले, वर आपट्याची पाने ठेवली. इतका मान कोणत्या मोडेमला मिळाला असेल?

त्या काडीने माझा दुसरा खटका खाली सरकला होता.

हा खटका वर असला की मी 'कनेक्ट' हा शब्द सांगतो. खाली असला की त्याच अर्थाचा नुसता आकडा देतो, एक. आम्ही मोडेम वीज आल्यावर एकदाच आपले खटके बघतो आणि वीज जाईपर्यंत तेच खरे मानतो. दसऱ्यानंतर वायर जोडली, मी खटके बघितले आणि इमानाने आकड्यात बोलू लागलो.

पहिल्याच सकाळी मी नंबर फिरवला, पुण्याने फोन उचलला, मी संगणकाला सांगितले, 'एक'. प्रोग्राम शब्दाची वाट बघत बसला. पुण्याने कंटाळून फोन ठेवला. पुन्हा नंबर, पुन्हा एक, पुन्हा तेच. मला वाटे, मी तर सांगतोय!

"पासवर्ड बिघडला," माधवरावांनी निदान केले.

पद्मजाबाईंनी हाताने नंबर फिरवला, शिट्टी ऐकली, नाव आणि पासवर्ड भराभर टाइप केला. पेटी पहिल्या फटक्यात उघडली. म्हणजे पासवर्ड बरोबर होता.

पद्मजाबाई एका वेळी एकच गोष्ट बदलून बघत. फोनची तार बदलली. ती पुन्हा होती तशी करून माझी वायर बदलली. प्रोग्रामची थांबण्याची वेळ वाढवली. पुण्याला विचारले, तुमच्याकडे काही बदलले का? उत्तर आले, नाही. हाताने रोज जमत होते, आपोआप एकदाही नाही. मग त्या रोज सकाळी लवकर येऊन स्वतः टाइप करू लागल्या.

"दिवाळी तोंडावर आली, पद्मजाबाई," माधवराव म्हणाले. "पुण्याला काय कळवू? आणि तुमी गेल्यावर हे रोज टाइप कोण करायचं? मी? आपल्या पावसाचे आकडे पुढच्या पावसाळ्यात पोचतील!"

"हे नीट होऊ द्या, सर. मग सांगते."

मित्रांनो, हे बोलताना त्यांचा चेहरा जरा सैल झाला, ते मी पाहिले. माझे बिघडणे त्यांच्या उपयोगी पडत होते.

"होऊ द्या म्हणजे? या आठवड्यात झालं तर झालं. न्हाईतर हा डबा भांडारात जमा करून टाकू. आपली जुनी पोस्टाची तार बरी."

डबा! कपाळावर अजून दसऱ्याचे कुंकू होते माझ्या.

त्या दिवशी माधवराव गेल्यावर पद्मजाबाईंनी खुर्ची माझ्यासमोर ओढली. मग हळू आवाजात म्हणाल्या, "हाताने होतं, आपोआप होत नाही. हात वेगळं काय करतो?"

फरशी पुसणाऱ्या धुरपताबाईंना वाटले, आपल्यालाच विचारले. "मला काय कळतंय, ताई? काय काय करता ते बोला तरी."

पद्मजाबाई एकेक पायरी मोठ्याने म्हणत करू लागल्या. "नंबर फिरवला. शिट्टी ऐकली. नाव दिलं."

"आन मशीन?"

"मशीन नंबर फिरवतं. मग शिट्टी..." त्या थांबल्या. "मशीन शिट्टी ऐकत नाही, मावशी. मी कानाने ऐकते. मशीन ह्याच्या शब्दाची वाट बघतं."

त्यांनी पडद्यावर बोट ठेवले. शब्दाच्या जागी एक आकडा होता. तो रोजच होता. आमच्या तारेवर खरखरीमुळे वेडीवाकडी अक्षरे नेहमी येत, त्यांतलेच हे एक असे समजून त्यांनी तो सोडून दिला होता.

"रोज सांगत होता हा," त्या म्हणाल्या. "मी कचरा समजले." मग माझ्याबरोबर आलेले माहितीपुस्तक त्यांनी उघडले, एक पान वाचले आणि विचारले, "मावशी, दसऱ्याला ह्याला पुसलं कसं?"

"लय लखलखीत पुसलं की. खाचंतली धूळ बी काढली काडीनं." धुरपताबाईंचा हात थांबला. "का ओ? माज्यानं मोडलं का?"

पद्मजाबाईंनी मला उलटे केले आणि त्या हसल्या. मी त्यांना एवढे मोठ्याने हसताना कधीच ऐकले नव्हते. "मोडलं नाही. तुम्ही ह्याला आकड्यात बोलायला लावलं."

"मी? मला सही करायला अर्धा दिस लागतोय, आन मी त्येला आकडे शिकवले व्हय!"

"पूजा तर मीच केली. पोट मीही नाही बघितलं."

त्यांनी पेन्सिलीच्या टोकाने खटका वर सरकवला आणि नंबर फिरवला. मी म्हणालो, 'एक'.

"रुसलंय ते," धुरपताबाई म्हणाल्या.

पद्मजाबाईंनी पुस्तकाचे तेच पान खालपर्यंत वाचले. मग माझी वायर काढली, थोडे थांबून पुन्हा लावली. मी जागा झालो, खटके बघितले, नंबर फिरवला आणि पूर्ण ताकदीने सांगितले: कनेक्ट! नाव गेले, पासवर्ड गेला, पेटी उघडली. धुरपताबाईंनी ओल्या फडक्यासकट टाळी वाजवली. मग पद्मजाबाईंनी खाचेवर चिकटपट्टी लावली. ती अजून आहे.

मित्रांनो, यंत्रांना जरूर पुसा, दसऱ्याला फूलही वाहा, आम्हाला आवडते. पण पुसण्याआधी कुठे काय आहे ते बघून ठेवा. आणि बिघडलेल्या यंत्राला डबा म्हणण्याआधी ते काय सांगते आहे, ते एकदा वाचा. आम्ही फार बोलत नाही, पण खोटे बोलत नाही.

दुसऱ्या सकाळी पद्मजाबाईंनी कशालाच हात लावला नाही. हात मागे बांधून त्या भिंतीशी उभ्या राहिल्या. माधवराव खुर्ची ओढून बसले. मी शिट्टी वाजवली, शब्द सांगितला. झरीचे, पिंगळीचे, परभणीचे आकडे गेले, आणि निरोप आला. माधवरावांनी तो वाचला.

"परत तेच विचारायलेत. काय कळवू, बाई? का अजून काई बिघडायचं राहिलंय?"

पद्मजाबाईंनी माझ्याकडे पाहिले, मग वाऱ्याच्या भोवऱ्याकडे. सगळी यंत्रे ठीक चालू होती.

"ताई," खराटा हातात धरून धुरपताबाई म्हणाल्या, "आता तर ह्ये बी बोललं."

मग पद्मजाबाईंनी मागचे हात सोडले.

"कळवा, सर," त्या म्हणाल्या. "मी येतेय म्हणून कळवा."