आईच्या मशीनचा आवाज

आईचं मशीन पुन्हा किंचाळलं. मी स्विच बंद केला आणि कपाळाला हात लावून बसलो.

बसक्या पिंपासारखं हिरवं अंग, पुढे पाइप, आत धूळ साठवायची कापडी पिशवी. असा हा आईचा जुना व्हॅक्यूम क्लीनर. बाबा गेल्यावर तो माळ्यावरून माझ्याकडे आला तेव्हा मोटर जळलेली होती. मी आतल्या तारांचं वाइंडिंग नवं करून घेतलं, बेअरिंगं बदलली, चेपलेला पत्रा ठोकून सरळ केला. मशीन उत्तम चालायला लागलं, पण आवाज काही तो येईना. म्हणून भंगारवाल्यांकडे हिंडून त्याच बनावटीची आणखी मशीनं आणली. ह्याचा पंखा त्याला, त्याचं झाकण ह्याला. सगळी चकचकीत झाली आणि सगळी एकसारखी किंचाळू लागली.

मला हवा असलेला आवाज वेगळाच होता. लहानपणी दुपारी मी खाटेवर पडलेलो असायचो आणि पलीकडच्या खोलीत आई मशीन फिरवायची. मऊ, खोल असं घुमणं. त्यात मला जी झोप लागायची, तशी पुढे कधी लागली नाही. तो आवाज एकदा कानावर पडावा, एवढ्यासाठी माझा सगळा उपद्व्याप. लोक म्हणतात, मला जुन्या वस्तूंचा नाद आहे. बायको जे म्हणते ते सांगण्यासारखं नाही.

आणखी एक गोष्ट मला छळत होती. अशा मोटरीत कार्बनचे दोन छोटे तुकडे असतात. मशीन जसं चालेल तसे ते झिजत जातात. आईच्या मशीनमधले जवळजवळ अख्खे होते. रोज वापरलेल्या मशीनचे? बाबांनी बदलले असतील, अशी मी स्वतःची समजूत घातली. पिशवीही कोरी करकरीत होती. ती आईची टापटीप.

"आईंना विचारा ना एकदा," बायको म्हणायची.

"काय विचारायचं? मी होतो की तिथे."

आई ताईकडे राहते. तिथे रंगकाम निघालं आणि आई चार दिवस आमच्याकडे आली. दुसऱ्या दिवशी दुपारचं जेवण झाल्यावर मी तिला मशीनांच्या खोलीत नेलं, खाटेशेजारच्या खुर्चीत बसवलं आणि मोठ्या ऐटीत तिचं मशीन सुरू केलं. तिने दोन्ही कान झाकले. मी बंद केलं.

"हे चालतं?" तिने विचारलं.

"तुझंच आहे. ओळखलं नाहीस?"

"ओळखलं. म्हणून तर विचारतेय. हे आठवडाभरसुद्धा चाललं नव्हतं रे."

मला वाटलं, आई आता विसरायला लागली. पण तिचं सगळं नीट चालू होतं. मी काल कुठला शर्ट घातला होता आणि त्याचं कुठलं बटण तुटलंय, हेही तिने मघाशीच सांगितलं होतं.

"बाबांनी एवढ्या हौसेनं आणलं आणि लगेच जळलं," ती म्हणाली. "त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी ते कोपऱ्यात ठेवून रोज पुसायचे. झाडायचे आपली केरसुणीनंच."

"मग मी ऐकायचो ते काय?"

"शेजारच्या शिंपीणबाईंचं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की त्या खोलीभर पडलेले दोरे आणि चिंध्या अशाच मशीननं ओढून घ्यायच्या. त्यांचं लाल होतं."

माझं डोकंच चालेना. ह्या हिरव्या मशीनांपायी मी सगळे रविवार घालवले होते. आणि ज्या आवाजासाठी घालवले, तो आमच्या घरातलाच नव्हता? बायको दारात उभी राहून ऐकत होती. ती हसली नाही, त्याचा मला जास्त राग आला.

"लाल शोधायला लागू नका म्हणजे झालं," ती म्हणाली. "चालतंय तर निदान पलीकडची खोली तरी साफ करून घेते." तिने मशीन उचलून नेलं आणि मागे दार लोटून घेतलं.

भिंतीपलीकडे मशीन सुरू झालं. मऊ, खोल. किंचाळणं सगळं भिंतीत जिरलं होतं. तोच आवाज, अगदी तोच. मी खाटेवर बसलो. हसावं की रडावं, काही सुचेना. आणि एवढं सगळं मिळूनही काहीतरी चुकतच होतं. आवाज बरोबर होता. झोप मात्र जवळपासही नव्हती. आई पलीकडच्या खोलीत नव्हती, तर मग होती कुठे?

"आई, शिंपीणबाई मशीन लावायच्या तेव्हा तू कुठे असायचीस?"

"कुठे म्हणजे? तुझ्यापाशी. त्या आवाजाला तू असा घाबरायचास की विचारू नकोस. थोपटल्याशिवाय डोळा मिटायचा नाहीस."

आवाज इतकी वर्षं जसाच्या तसा जपला. तो हात कसा विसरलो, ते मला आजही उमगत नाही. थोपट म्हणून आईला ह्या वयात कसं सांगायचं, तेही कळेना. मी नुसताच आडवा झालो आणि तिच्या खुर्चीकडे सरकलो.

"अजून भीती वाटते?" आईने विचारलं.

मी हो म्हटलं.