कहाणीतला 'तू'

सौंदडच्या शिवलालचा एक गुण साऱ्या गावाला मान्य होता: कहाणीला हुंकार द्यावा तो त्यानेच. सांगणाऱ्याने वाक्य संपवले की ऐकणाऱ्याने 'हओ' म्हणायचे, आणि हुंकार थांबला की कहाणीही तिथेच थांबायची, असा इकडचा नियम. शिवलालचा 'हओ' असा मापात पडे की सांगणाऱ्याला आणखी दोन राक्षस सुचत.

अवगुणही एकच, पण सहा वर्षे जपलेला. शेजारच्याच घरात राहणाऱ्या थोरल्या भावाशी, चैतरामशी, तो बोलत नव्हता. कारण २००२ सालची मंडई. दिवाळीनंतरच्या त्या जत्रेत गावची दंडार होती. त्या लोकनाट्यात चैतराम राजा आणि शिवलाल राणी. राणीने मिशी काढायला नकार देऊन ती पदराने झाकली. भर सभेत राजा म्हणाला, "राणी, तुझ्या मिशीत भात अडकून राहिला." लोक पोट धरून हसले.

तेव्हापासून चैतराम चार वेळा दोन घरांमधल्या कुडाजवळ येऊन खोकला. शिवलाल उलट एकदाही खोकला नाही. फारच गरज पडली तर तो म्हशीला सांगे, "तिकडच्या मानसाले सांग, नहराले पाणी सुटलं." म्हैस ऐके, आणि तुराट्यांच्या कुडापलीकडचा चैतरामही ऐके.

आता शिवलालच्या मुलीचे, भूमेश्वरीचे, लग्न ठरले. पिवळ्या तांदळाचे पहिले निमंत्रण थोरल्या घरी द्यायचे, तेही बापाने स्वतः.

"पोस्टानं पाठव," शिवलाल म्हणाला.

"मधात एक कूड आहे, बाबा."

"मंग पोस्टमनले सोपं जाईल."

"मोठे बाबा नसले तं मी मंडपात उभी राहणार नाही."

"तं बसून लग्न लाव."

भूमेश्वरी कथा लिहायची. गोंदियाच्या कॉलेजच्या वार्षिकांकात तिची एक छापूनही आली होती. सांगून बाप ऐकत नाही, पण कहाणी ऐकल्याशिवाय राहत नाही, हे तिला माहीत होते. तिने एक लिहिली आणि वाचून दाखवली. "एक माणूस होता. तो सख्ख्या भावाशी बोलत नसे." शिवलालने शेवटपर्यंत चोख हुंकार दिला आणि हळहळून मान हलवली. "लय अडेल मानूस. असे असतेत. कोहमाऱ्याले एक आहे, धाबेवाला."

तीन दिवस भूमेश्वरी वही घेऊन बसली. 'तो' म्हटले की बाबा त्याला नेऊन कोहमाऱ्याला बसवतात. मग त्यांना पळायला जागाच ठेवायची नाही. तिने सगळे 'तो' खोडले आणि 'तू' लिहिले.

रविवारी दुपारी तिने वही उघडली तशी आई, तुलसा, सूप हातात घेऊन म्हणाली, "दिवसा कहाणी सांगू नोको. मामा वाट चुकते."

"मामा तसाही गाडीत झोपते अन् पुढच्या टेसनावर उतरते, आई."

ती वाचू लागली. "तू ओसरीत बसला आहेस."

"हओ."

"तुला मिशी आहे."

"हओ."

"सहा वर्षांपूर्वी तू ती पदराखाली झाकली होतीस."

तुलसाचे सूप थांबले. शिवलालने तोंड घट्ट मिटले. मिशी तेवढी हलली. हुंकार नाही तर कहाणी नाही. भूमेश्वरी ओळीवर बोट ठेवून बसून राहिली.

कुडापलीकडून आवाज आला, "हओ."

भूमेश्वरीने मान वर केली नाही. "भर सभेत तुझी थट्टा झाली. ती तुझ्या भावाची चूक."

"हओ," पलीकडून आले, जरा बारीक.

"पण घरी येऊन लुगडे सोडताना तूही एकटाच हसलास. तुझ्या बायकोने पाहिले."

शिवलालने तुलसाकडे पाहिले. तुलसाने सुपाकडे पाहिले.

"हओ," शिवलाल पुटपुटला.

"मग एका दुपारी तू उठतोस. कोनाड्यातली तांदळाची वाटी घेतोस." भूमेश्वरीने वही मिटली.

"मंग?" कूड विचारता झाला.

"पुढं लिहिलंच नाही, मोठे बाबा. मानूस उठल्याबिगर कसं लिहू?"

शिवलालने म्हशीकडे पाहिले. मग तिलाच म्हणाला, "कहाणी अर्धी ठेवू नये," आणि उठला. वाटी घेऊन अंगण ओलांडायला त्याला पंधरा पावले लागली. चैतराम फाटकात आधीच उभा होता.

"मिशीत काही नाही ना?" त्याने विचारले.

"आता वाटीत आहे. घेऊन टाक."

आधी तुलसा हसली, मग राजा, मग राणी.

लग्नात चैतराम मंडपभर फिरला. कथा पुढच्या वर्षी छापून आली आणि भावांत नवे भांडण लागले: त्यातला 'तू' कोण?

"हुंकार मी देल्ला," चैतराम म्हणतो, "तं तो मीच."

"अन् मिशी कोनाची आहे?"

रोज दुपारी, एकाच ओसरीत, समोरासमोर हे चालते. म्हशीला हल्ली कोणी काही सांगत नाही. ती निवांत रवंथ करते.