सहा पेल्यांना एक पान

मुंबईची आगबोट मे संपेपर्यंत येते. मग चार महिने समुद्र बंद.

पौर्णिमेला तुळस तोडत नाहीत.

उकळलेल्या पेंढ्याचं पाणी तिसऱ्या दिवशी घाण मारतं. घाण मारली म्हणजे साधलं.

त्या पाण्यात वाढणारा, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा जीव: चपलेच्या तळव्यासारखा आकार, अंगभर केस, सगळा देह म्हणजे एक पेशी. नर नाही, मादी नाही. तरी दोन प्रकार.

"तिच्या त्या सडक्या पाण्यापायी घरात डास झाल्येत." हे मथुरा रोज म्हणे, दमयंतीला ऐकू जाईल इतपत.

दमयंती मथुरेची नणंद. मुंबईला बी.एस्सी. झालेली, लग्न न झालेली, रत्नागिरीत भावाच्या घरी भांडी घासणारी. मागच्या पडवीत ओल्या गोणपाटावर तिचे सहा पेले. तिघांत विहिरीजवळच्या दगडी डोणीतले जीव, तिघांत भाताच्या खाचरातले. एका प्रकारचे जीव आपापसात कधी जुळत नाहीत. दुसऱ्या प्रकारचा थेंब पडला, की चिकटून त्यांचे गोळे होतात, गोळ्यांतून जोड्या सुटतात आणि जोडीतला प्रत्येक जण आपलं अर्धं बीज दुसऱ्याला देतो. हे अमेरिकेत दोन वर्षांपूर्वी कळलं होतं. दमयंतीनं ते पडवीत पाहिलं. मुंबईच्या प्रोफेसरांनी लिहिलं: दोन्ही प्रकार निर्भेळ, वेगवेगळे, पावसाळ्याआधी घेऊन या. प्रयोगशाळेतली जागा तुमची. सूक्ष्मदर्शक त्यांनीच उसना दिलेला.

ती जागा म्हणजे या घरातून बाहेर पडायचा एकच रस्ता.

चंद्रग्रहणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पहिल्या पेल्यातला थेंब भिंगाखाली धरला. जोड्या. दुसऱ्यात जोड्या. सहाव्यातही.

मथुरा केळीच्या पानावर कैऱ्या चिरत बसली होती.

"वहिनी, माझ्या पेल्यांना कुणी हात लावला?"

"हात नाही लावला. तुळस घातली. तुझं पाणी वाचवलं."

"प्रत्येकात वेगळं पान?"

"वेगळं कुठनं आणू? पौर्णिमेची तोडायची नाही. आदल्या दिवशी काढलेली पाण्याला, दुधाला, लोणच्याला गेली. एक उरलं. तेच आलटून पालटून फिरवलं सगळ्यांतनं, ग्रहण सुटेस्तोवर."

"माझं वर्ष गेलं, कळतंय?"

"किड्यांचं वर्ष. मी आमटीची पळी भाताला लावत नाही, तर तू हसतेस. तुझी मात्र प्रत्येक पेल्याची नळी वेगळी, वर उकळलेली. माझं ते थोतांड, तुझं ते शास्त्र."

"माझं डोळ्यांना दिसतं. या, बघा."

मथुरा खरंच उठली. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तिनं बराच वेळ पाहिलं.

"दोन दोन चिकटल्येत," ती म्हणाली. "बरं झालं गो. इतके दिवस कोंडून ठेवलेलीस बिचाऱ्यांना. सगळ्यांनी काय तुझ्यासारखं राहायचं?"

ती परत कैऱ्यांकडे गेली.

वाट उरली होती. अजून न जुळलेले जीव एकेक करून उचलायचे, प्रत्येकाला स्वतंत्र थेंबात वाढवायचं, मग कोण कुणाशी जुळतो ते पाहून प्रकार पुन्हा वेगळे काढायचे. दोनेक आठवड्यांचं काम. तोवर बोट चालू होती. दमयंतीनं नळ्या उकळायला ठेवल्या. पाण्याला आधण आलं. तिच्या कानातून मथुरेचं ते शेवटचं वाक्य जाईना.

ती उठली आणि पारोशी, काल रात्रीच्याच लुगड्यात, स्वयंपाकघरात शिरली. मथुरा सोवळ्यानं जपायची तो वर्षाचा साठा तिथे होता. दमयंतीनं लोणच्याच्या बरणीत बोट बुडवलं. तेच बोट खारातल्या आंब्यांत. तेच कोकमांत, तेच देवाच्या तुपात.

"एकच बोट आहे, वहिनी. वेगळं कुठनं आणू?"

मथुरा कैऱ्या सोडून उठली. एकेक बरणी उचलून तिनं गोठ्यामागे रिकामी केली. मग पडवीत आली आणि सहाही पेले तसेच एकेक करून माडाच्या आळ्यात ओतले. राखेनं घासले. उपडे घातले.

संध्याकाळी दमयंतीचा भाऊ हरिश्चंद्र कचेरीतून आला, पाय धुताना त्याला पेले दिसले.

"आज पेले लखलखताहेत," तो म्हणाला.

मथुरेनं पंचा पुढे केला.

डोणी त्या उन्हात आटली होती, खाचराला भेगा होत्या. नवे जीव मिळायला पाऊस हवा, आणि पाऊस म्हणजे बोट बंद. शेवटची आगबोट निघाली तेव्हा तिचा भोंगा स्वयंपाकघरात ऐकू आला. दमयंती नव्या कैऱ्या चिरत होती. मथुरा समोर मीठ मोजत होती. सूक्ष्मदर्शक त्या बोटीनं परत गेला.

ग्रहणाच्या दुपारी मथुरा घरातलं साठवणीचं पाणी ओतत ओतत पडवीपर्यंत आली, तेव्हा दमयंतीनंच तिला अडवून सांगितलं होतं, "हे ओतू नका. हवं तर तुळस घाला."