बंद कवाडामागचा सदानंद

तो पांढरा त्रिकोण... मोबाइलच्या काचेवर, करंगळीच्या नखाएवढा, आणि त्याच्यामागे करड्या रंगात थिजलेला नायिकेचा, यमुनेचा चेहरा. सकाळपासून विशाखानं तीनदा त्याच्यापर्यंत बोट नेलं होतं. एकदा दूध वर आलं, एकदा दारावरची बेल वाजली; तिसऱ्यांदा काहीच झालं नाही, बोट आपलं आपणच मागं आलं. रूपानं, तिच्या हाताखाली पीएच.डी. करणाऱ्या मुलीनं, त्या जुन्या मालिकेचा शेवटचा भाग कुठून तरी धुंडाळून काढला होता आणि वर लिहिलं होतं, मॅडम, संध्याकाळी भाषणाच्या वेळी हाच पडद्यावर दाखवू या.

भाषण साडेपाचला, समर्थनगरच्या वाचक मंडळात. एकच जुनी प्रेमकादंबरी आणि तिच्यावरच्या तीन मालिका, कोणती सरस? विशाखाला यात तयारी ती काय करायची होती! वीस वर्षं ती वर्गात हेच सांगत आली होती. नव्वदच्या दशकातली दुसरी मालिका म्हणजे साड्यांचं प्रदर्शन, चारशे भागांनंतर नायक सदानंद परत येतो काय, वाजतगाजत लग्न होतं काय... मूळ लेखकानं कपाळावर हात मारून घेतला असता. गेल्या वर्षीची तिसरी इतक्या अंधारात घडते की यमुना कुठली आणि खांब कुठला, कळू नये. खरी ती पहिलीच. कृष्णधवल, तेरा भागांची. कादंबरीत शेवटी एवढंच आहे की सदानंद नावेत बसला आणि गेला. पहिल्या मालिकेत मात्र तो जाताना वळून बघतो, डोळे भरलेले... त्या एका नजरेवर विशाखानं सोळा पानांचा लेख लिहिला होता. लोक अजून त्याचा दाखला देतात.

आणि ती नजर तिनं पाहिलेली नव्हती.

हे कुणाला ठाऊक नव्हतं; ती मालिका पुन्हा कधी लागलीच नव्हती. कन्नडजवळच्या त्यांच्या गावात टीव्ही एकच, तात्यासाहेबांच्या वाड्यात, बैठकीच्या खोलीत. पारूबाई, विशाखाची आई, त्यांच्याकडे धान्य निवडायला जायची. मालिकेच्या दिवशी लेकीला बरोबर न्यायची. दोघी ओसरीवर बसत, उंबऱ्याच्या अलीकडे. आत येऊ नका असं कुणी कधी म्हटलं नाही. या असंही कुणी म्हटलं नाही. चहा यायचा तो कोनाड्यातल्या वेगळ्या कपांतून, अगदी आदबीनं. दाराचं उजवं कवाड कायम बंद, त्याची खिट्टी गंजून बसलेली; त्यामुळं ओसरीवरून पडद्याची डावी बाजू तेवढी दिसे. डावीकडे यमुना. आणि दिग्दर्शकाला काय खोड होती कुणास ठाऊक, सदानंद आपला सदा उजवीकडे! कधी त्याचं कोपर दिसे, कधी मानेमागचे केस, बाकी सगळा आवाज... असा आवाज की बाराव्या वर्षी विशाखाच्या हातातला चहा निवून जायचा. आई तर पूर्णच बंद कवाडाआड बसायची, तिला यमुनाही दिसत नसे. एकदा विशाखानं जागा बदलू म्हटलं तर म्हणाली,

“मला ऐकू येतंय की समदं. तू बघ.”

मग भाग संपला की सुलेखा बाहेर येई. तात्यासाहेबांची धाकटी, विशाखाच्याच वर्गातली, आत सतरंजीवर ऐसपैस बसून सगळं पाहिलेली. चिंचेखाली दोघी थांबत आणि सुलेखा वडलांचं उपरणं खांद्यावर टाकून सदानंद होऊन दाखवी. कसा हसला, कसा हात पुढं केला आणि कसा मागं घेतला. विशाखाचा सदानंद सुलेखाच्या दोन वेण्यांसकट होता. अजून आहे. एवढं सुख मला पुन्हा कुठल्या पुस्तकानं दिलं?... चिंचेचा कोवळा पाला चावत, आई पुढं निघून गेलेली, आणि समोर सदानंद.

तीच सुलेखा काल फोनवर. या शहरात दोघींच्या घरांत दोन किलोमीटरचं अंतर, चाळीस वर्षांची मैत्री. “विशा, पहिलीच भारी म्हणशील ना गं? आपण दोघी सतरंजीवर शेजारी बसून बघायचो, तुझं डोकं माझ्या मांडीवर. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय. पहिल्या रांगेत तुझी खुर्ची धरते.”

विशाखा हो म्हणाली होती. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ ओट्याला टेकून उभी राहिली. सुलेखा खोटं बोलत नव्हती, हेच तर अवघड होतं.

दुपारी कधीतरी तिनं त्रिकोण दाबला. नदी, घाट, यमुना डावीकडे, हे ओळखीचंच... आणि उजवीकडे, जन्मात पहिल्यांदा उघडलेल्या त्या अर्ध्या पडद्यावर, नाव बांधायचा एक खुंटा. सैल दोर. बाकी पाणी. सदानंद आधीच गेलेला होता. तिनं पुन्हा पाहिलं. वळणार कोण, तिथं माणूसच नव्हता! तिला आधी हसू फुटलं, सोळा पानं आठवून. मग चिंचेखालची ती संध्याकाळ आठवली, आपण विचारलं होतं, “तो वळला का गं?” आणि सुलेखा क्षणभर आपल्या तोंडाकडे बघत राहिली होती... आणि मग म्हणाली होती, “वळला. डोळे भरले होते त्याचे.”

साडेपाचला सभागृह भरलं. सुलेखा पहिल्या रांगेत होती, शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवून. विशाखा मंचावर गेली. रूपानं मोठ्या पडद्यावर तो शेवटचा भाग लावला. नदी, घाट, यमुना, खुंटा. लोक पडद्याकडे बघत होते, विशाखा सुलेखाकडे. सुलेखाची नजर उजव्या बाजूला काहीतरी शोधत होती, चित्र थांबलं तरी शोधत होती, कपाळाला आठी... म्हणजे तिलाही तो वळलेलाच आठवत होता. आपणच रचलेली गोष्ट तिच्यापुरती खरी झाली होती. आणि ज्या मायेनं तिनं सदानंदाला वळवलं, त्याच मायेनं विशाखाला ओसरीवरून उचलून आत आपल्या शेजारी नेऊन बसवलं होतं. विशाखाला वाटलं, घ्यावी ही जागा, काय बिघडतं? त्या सतरंजीवर बसावं, डोकं तिच्या मांडीवर ठेवावं. ती नजर घेतलीच होती ना आयुष्यभर, विनातक्रार... पण मग कवाडाआड कोण बसलं होतं? आपण आत गेलो तर आई तिथं एकटी राहते. राहते कुठली, नाहीशीच होते. पारूबाईला जाऊन अकरा वर्षं झाली. ती तिथं बसली होती हे ठाऊक असलेली आता मी एकटी.

भाषणाचे कागद तिच्या हातात होते. पहिलं वाक्य छान होतं, तिनं ते चारदा सुधारलं होतं.

“पहिली मालिका मी ओसरीवरून पाहिली,” ती म्हणाली. “अर्धीच. माझ्या आईनं तर ती पाहिलीच नाही, नुसती ऐकली. उरलेली अर्धी मला माझ्या मैत्रिणीनं चिंचेखाली दाखवली. आणि आज मला कळलं, तिनं दाखवलेली जास्त चांगली होती.”

सुलेखानं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं, आणि दुसरं काही आलंही नव्हतं. शेजारच्या खुर्चीवरच्या पर्सवर तिचा हात होता. तो हात पर्स उचलून खुर्ची मोकळी करणार की तिथंच राहणार... मंचावरून विशाखाला सगळं स्वच्छ दिसत होतं, मध्ये काहीच आड नव्हतं. तिनं कागदांची घडी घातली आणि त्या हातावरची नजर न काढता ती पुढं बोलू लागली.