आठवी जागा

"कुणाचा विश्वास बसायचा नाही, पण मी पेटलेल्या स्फोटाला पाठ टेकून डुलकी काढलीय!"

पातीआजोबांनी हे वाक्य टाकलं की घरच्यांनी ओळखायचं, गोष्ट सुरू. विजेच्या पेट्या तपासण्यात त्यांची हयात गेली. ज्या कारखान्यांत हवाच पेट घेऊ शकते, तिथे लागणाऱ्या पेट्या. पेटीत गॅस भरायचा, आत ठिणगी पाडायची. भडका झाकणाच्या फटीतून बाहेर आला नाही, तरच दाखला. फट मोजायला पातळ पोलादी पाती. ती फटीत शिरली की पेटी नापास. पाती अजून त्यांच्या खिशात असे, म्हणून हे नाव.

उद्यापासून त्यांची नात त्याच प्रयोगशाळेत कामाला लागणार होती. लेक खिडकीशी बसून तिच्या नव्या कोटाला बटणं लावत होती.

"आजोबा, बाबांच्या पेटीची गोष्ट सांगा ना," नात म्हणाली.

जावई रंगाच्या कारखान्यात वायरमन होता. तिथल्या पेटीतून भडका बाहेर आला आणि तो गेला, तेव्हा ही पोर रांगत होती. दाखल्यावर सही आजोबांची. चौकशीवाल्यांनी दाखला पाहिला, मान डोलावली आणि लिहिलं, मयत कामगाराने झाकणाचे बोल्ट नीट आवळले नव्हते. बावीस वर्षं लेक हे वाक्य उरात घेऊन जगली. आणि बावीस वर्षं आजोबा गोष्ट फुगवत राहिले.

"अगं, पेटी कसली, हत्तीण होती हत्तीण! सहा पैलवानांनी उचलून कोपऱ्यात आदळली. पेटीचा एक कोपरा भिंतीला असा चिकटला की मधून मुंगी जायची नाही. नंतर कुणाच्या बापाला हलेना! दहा वेळा आत स्फोट केला. वर फुलपाखरू बसलं होतं, त्यानं पंखसुद्धा हलवला नाही."

"मागच्या वेळी माशी होती, अण्णा," लेक दोरा तोडत म्हणाली.

"बावीस वर्षांत माशीचं फुलपाखरू व्हायचंच!"

लेक खुदकन हसली. या हसण्यासाठी तर ते दर वेळी नवी थाप रचत.

"आणि फट?" नातीने विचारलं.

"आठ जागी बघायची. चार कोपरे आणि चार कडांचे मध्य. आठही जागी पाती लावली, कुठेच शिरली नाही. देवाशपथ!" त्यांनी खिशातून पाती काढून तिच्या तळहातावर ठेवली. "घे. आता तुझी."

खिडकीच्या कट्ट्यावर बटणांचा चौकोनी डबा होता, एका कोपऱ्याने भिंतीला टेकलेला. नात त्याच्या झाकणाला पाती लावत फिरली. एक, दोन, तीन... सात. भिंतीकडच्या कोपऱ्यापाशी पातीचं टोक भिंतीवर टकटकलं. तिने पाती आडवी केली, तिरपी केली. जागाच नव्हती.

आजोबा तिच्या हाताकडे बघत राहिले. लेकीची सुई कापडात अर्धी रुतून थांबली.

"आजोबा," नात हळूच म्हणाली, "तुम्ही सातच जागा पाहिल्यात. आठवी न बघताच पास लिहिलीत. भडका तिथूनच बाहेर आला. बाबांनी बोल्ट नीट आवळले होते."